मावशीच्या ड्रॉवरमध्ये अडकलेला अकरा नंबर

धाकटी भाची टेबलाखाली गुडघ्यांवर बसून तिसऱ्यांदा केबल काढून परत खोचत होती. मावशीच्या कॉम्प्युटरवर बटण दाबलं, की दवाखान्याच्या हॉलमधल्या पडद्यांवर पेशंटचा नंबर यायला हवा. प्रोग्राम तिनेच जावा भाषेत लिहिलेला. एकाने हाक मारायची, नेटवर्कवरच्या सगळ्यांनी ऐकायची. यूडीपी ब्रॉडकास्ट म्हणतात त्याला. घरी दोन कॉम्प्युटरांवर पोपटासारखं बोललं होतं. इथे पडदे ठार बहिरे.

"नववीत शाळा सोडलेली पोरगी आणलीत," डॉक्टर मावशीला म्हणाले. "दहाला पेशंट येतील. नाही चाललं तर मी दुसरा माणूस बघतो."

"चालेल," मावशी म्हणाली. ती तिथली नर्स. तिच्याच शब्दावर हे काम मिळालेलं. डॉक्टर आपल्या खोलीत गेले.

नऊ चाळीस. फायरवॉल बंद केला, तेच. पोर्ट बदलला, तेच.

"अगं, जरा बस. पायाला भिंगरी लागलीय नुसती."

"बसले की माझं डोकंपण बसतं, मावशे."

शेवटी तिने एका पडद्याचा नेटवर्कवरचा पत्ता सरळ कोडमध्ये लिहून अकरा नंबर पाठवला. तो लगेच उमटला. म्हणजे तार ठीक, कान ठीक, हाकच भलतीकडे जातेय. कॉम्प्युटरला किती नेटवर्क जोडलीत त्याची तिने यादी काढली. एक हवं होतं. निघाली दोन.

हे दुसरं कुठून उपटलं? मागे एक पांढरी वायर होती. ती धरत धरत धाकटी मावशीच्या ड्रॉवरपर्यंत पोचली. आत फोन. सकाळपासून दवाखान्याचं इंटरनेट बंद, म्हणून रिपोर्ट मागवायला मावशीने फोनचं नेट कॉम्प्युटरला दिलेलं. आणि तो शहाणा कॉम्प्युटर सगळे नंबर फोनच्याच कानात ओरडत बसलेला.

"अकरा नंबर तुझ्या ड्रॉवरमध्ये वाट बघतोय."

मावशीचा चेहरा उतरला. कॉम्प्युटरला फोन लावायचा नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

"राहू दे तो. रिपोर्ट लागतातच ना," धाकटी म्हणाली आणि टाइप करायला लागली. जेवढी नेटवर्क जोडलेली, तेवढ्या प्रत्येकावर वेगळी हाक. पंधराएक ओळी. मधेच मावशी फाइल घेऊन आत जाऊन आली, तिकडे हिचं लक्षही नव्हतं.

दहाला दोन मिनिटं कमी असताना सगळे पडदे उजळले.

"काय झालं होतं?" डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं.

"माझी चूक. प्रोग्राम एकाच दारात हाक मारत होता." मावशीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टर थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. "वरच्या मजल्याचंही तूच कर."

त्या बघण्याचा अर्थ तिला वर्षभराने त्यांच्याच तोंडून कळला. ती टाइप करत होती तेव्हा मावशी आत जाऊन सांगून आली होती, "फोन मी लावलाय. पोरीला काही बोलायचं नाही."