भिंतीवरचे हात

आमच्या नव्या घराच्या जिन्याला फरशी बसली, भिंतीला पांढरा रंग लागला. रेलिंग तेवढं यायचं राहिलंय. येणारा प्रत्येक जण वर जाऊन येतो आणि "जिना झकास झालाय" म्हणतो. मी मान डोलावतो, आणि तो गेला की भिंत बघतो. बोटांचे मळकट डाग खालून वरपर्यंत गेलेले असतात. जीभ काहीही बोलते; हात मात्र भिंत सोडत नाही. हल्ली मला कुणी कौतुक केलं की आधी संशयच येतो.

आज सकाळी वेगळेच डाग दिसले. जेमतेम कमरेच्या उंचीवर, तपकिरी, मशेरीचे. घरात मशेरी लावते ती एकटी आई. गुडघ्यांना त्रास नको म्हणून तिची खोली आम्ही खाली काढली. "मला काय करायचंय वर जाऊन?" असं तीच म्हणाली होती, आणि आम्ही ते किती चटकन खरं मानलं! डाग तर थेट गच्चीच्या दारापर्यंत पोचले होते. ती खालची खोली तिच्या गुडघ्यांसाठी होती की आमच्या सोयीसाठी, याचाच मला आता संशय यायला लागला.

खाली आलो. आई मेथी निवडत बसली होती.

"आई, वर गेली होतीस?"

"मी? छे! या गुडघ्यांनी?"

तिने मान वर केली नाही. दोन-चार पानं खुडली आणि म्हणाली, "ते रेलिंग मात्र जरा बुटकंच करायला सांग हो."