चोरून नेलेला बेगोनिया

धाराशिवच्या सरकारी बागेतल्या काचघराचा माळी महांतप्पा सतरा वर्षं एकाच गोष्टीनं कावला होता. बायका पानं चोरायच्या. निजामाच्या राज्यात कुठल्या कुठल्या मुलखातून आणलेली झाडं त्या काचेखाली होती, आणि त्यातला बेगोनिया म्हणजे त्याचा जीव की प्राण. तळहाताएवढं पान, मधोमध लाल, कडेला रुपेरी. ते मातीत खोचलं की रोप येतं, हे गावाला कळलं होतं. शिवाय मागून नेलेलं रोप लागत नाही, चोरलेलंच लागतं, ही समजूत. मग मागतंय कोण?

शेजारच्या गल्लीतल्या गौराबाईनं तर ताळच सोडला होता. महांतप्पानं एकदा तिच्यापुढं हात जोडले. "मावशी, मागा की. म्या देतो."

"मागून काय उपेग? वाळून जातंय ते."

या बाईपुढं कपाळ बडवावं तरी किती?

त्रेचाळीसच्या फाल्गुनात गारपीट झाली. काचा फुटल्या, कुंड्या फुटल्या, उरलंसुरलं चार दिवसांच्या उन्हानं होरपळलं. वर कचेरीतून निरोप आला. साहेब जुम्म्याला पाहणीला येतील. आत परदेशी झाड नसेल तर नव्या काचा कशाला, काचघर मोडून टाका. महांतप्पाला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून संतापही आला.

"रडताय कशाला?" त्याची बायको नीलम्मा म्हणाली. "गावभर तुमचाच बेगोनिया हाय की."

तो गौराबाईकडं गेला. रांजणाच्या आडोशाला, फुटक्या घागरीत बेगोनिया फोफावला होता, तोही खरकट्या पाण्यावर. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यानं सगळं सांगितलं आणि घागर मागितली.

"न्हाय देणार," गौराबाई म्हणाली.

"मावशी, सतरा वर्सं तुमी माझी पानं नेली."

"म्हणून तर सांगते. मागून नेलंस तर लागायचं न्हाय, आन तुझं काचघर जाईल." तिनं सूप ओढलं आणि पाठ करून बसली. "म्या जोंधळे निवडते. लई येळ लागंल मला."

महांतप्पानं गल्लीत दोन्हीकडं पाहिलं, घागर उपरण्याखाली घेतली आणि चोरपावलांनी बाहेर पडला.

साहेबांनी बेगोनिया पाहिला आणि काचा मंजूर केल्या. त्या बसल्या त्याच आठवड्यात गौराबाई पदर सावरत काचघरात आली. महांतप्पानं तिला लांबूनच ओळखलं. मनातल्या मनात तिला शिव्या घालत त्यानं झारी उचलली आणि पाठ करून उभा राहिला.