फाटलेलं गॅसकेट

रज्जाकभाई मिस्त्रींनी मला वाचवलं. आता मी सुरतेत गाड्या चालवतो; आज एका गाडीचं ऑइलचं झाकण उघडलं, तर आत दुधाळ, चिकट राडा. संग्रामपूरला मी चालवायचो त्या जीपमध्येही अस्साच निघाला होता.

"इंजिन तूच उकळवलं, उद्यापासून येऊ नको," जीपचा मालक तेव्हा ओरडला. नववीत शाळा सोडलेल्या मला दुसरं काम कोण देणार?

रज्जाकभाईंनी इंजिनाचं हेड खोललं. पाणी नि ऑइल वेगळं ठेवणारं गॅसकेट फाटलेलंच, वर पेस्ट थापून बसवलेलं. त्यातून पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं.

"शेठ, म्या नवं टाका म्हटलं, तं तुमी गाडी दुसरीकडं नेली. आता ड्रायव्हरले काऊन झोडता?"

मालकानं जीपची चावी परत माझ्या हाती दिली. माझं काम टिकलं. तेव्हा त्या राड्याची किळस आली होती, आता मालकाची येते.

रज्जाकभाई, तुमच्या लेकावर कधी असा आळ आला, तर त्याच्या बाजूनं बोलायला मी येईन.