आकांक्षाचा ण

आकांक्षाचा 'ण' मी सुधारला. तीन महिने लागले. आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण उपयोग काय?

शिवाजी पार्कला राहत्या घरीच मी तीस वर्षं नाटकाचे वर्ग घेते. आकांक्षा नायगावच्या बीडीडी चाळीतली. आजोबा कोकणातून येऊन गिरणीला लागले, वडील बसवर कंडक्टर. पहिल्याच दिवशी तिनं एक स्वगत म्हटलं आणि मी सरसावून बसले. पोरीचा आवाज थेट पोटातून येत होता. पण 'पाणी'चं 'पानी', 'कोण'चं 'कोन'. मला कसं सोसणार? लहानपणी आम्ही तसं बोललो की आई ताट वाढायची नाही.

मग काय, दातांत पेन्सिल धरून रोज शंभर वेळा 'अणकुचीदार बाण'. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. चाळीत शेजारणी चिडवायच्या, "काय गो, मडम झालंस?" पण पोरगी चिवट, घोकत राहिली.

गेल्या महिन्यात विक्रांतनं नवं नाटक काढलं. हा माझाच जुना विद्यार्थी, आता दिग्दर्शक. मुख्य भूमिका गिरणी कामगाराच्या बायकोची. आकांक्षानं नोकरीवर आठवडाभर रजा टाकून तयारी केली. "नलूताई, ही माझी आजीच आहे. हे काम मला मिळायलाच हवं," म्हणाली. निवडीच्या दिवशी मीही तिच्यासोबत दादरला तालमीच्या हॉलवर गेले.

तिनं नाटकातला एक प्रवेश करून दाखवला.

"नलूताई, ही तर तुमच्या सोसायटीतली वाटते," विक्रांत म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "आकांक्षा, घरी बोलतेस तसं बोल ना."

"घरीपण आता असंच येतं, सर."

"एकदा बघ तरी."

तिनं डोळे मिटले, श्वास घेतला आणि म्हणाली, "वाईच पानी दे."

तिची चूक दाखवायला मी वर्गात ओठ वाकडे करून 'पानी' म्हणायचे, सगळ्यांना हसवायचे. हुबेहूब तेच होतं ते. हॉलमध्येही दोघं-तिघं हसली. विक्रांतनं पुढच्या मुलीचं नाव घेतलं.

जिन्यात आकांक्षा थांबली. रडत नव्हती, ते जास्त वाईट.

"ताई, पहिल्यासारखं बोलायला शिकवाल?"

"मला ते येत नाही गं," मी म्हणाले.