आज पाळी कुणाची?

आप्पांच्या सोप्यात खुंटीला, फेट्याशेजारी, एक लोखंडी हँडल लटकत असे. गावच्या पाणी संस्थेचं नदीवरचं इंजिन त्या हँडलशिवाय सुरू होत नसे. स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली होती. मी कोल्हापुरातून त्या गावी मास्तर म्हणून गेलो आणि अक्षर बरं म्हणून संस्थेचा चिटणीसही झालो. चेअरमन आप्पा. उसाला पाणी मागायला भाऊबंद येवो की सोयरा, त्यांचा एकच सवाल, "आज पाळी कुणाची हाय?" पुढे बोलणं नाही.

एका सभेत दत्तू नावाचा तरणा गडी उठला. "आप्पा, गेल्या पाळीला तुमच्या रानात तासभर जास्त पाणी गेलंय." आप्पा म्हणाले, "गेलंय. डोळा लागलता माझा. मास्तर, लिवा की त्ये."

पुढच्या वर्षी आप्पांनी चेअरमनकी सोडली. आता थोरल्या लेकाचं नाव येणार, असं सारे धरून चालले होते. त्यांनी दत्तूचं नाव सुचवलं. लेक फणफणला. "ज्यानं मला इचारलं, त्यो कुणालाबी इचारंल," आप्पा म्हणाले. "तू कधी इचारलंस?" हात वर झाले, दत्तू निवडून आला. आप्पांनी हँडल धोतराला पुसून त्याच्या हाती दिलं.

आणि दत्तूनेच घोळ घातला. आप्पांची पाळी नववी, ऊस करपायला लागलेला. आदरापोटी त्याने पहिलं पाणी आप्पांच्या रानात सोडलं. आप्पा खोरं घेऊन धावले आणि स्वतःच्याच रानाचं तोंड मातीनं बुजवलं. "दत्त्या, मला पुढं काढलंस, तर उद्या कुणाला न्हाय म्हणशील?" त्यांची पाळी येईतो निम्मा ऊस वाळला. रोज बांधावर बसून ते बघत राहिले, पण दत्तूच्या कारभारात एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा रागही यायचा. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

चार वर्षांनी ऐन उन्हाळ्यात आप्पा गेले. दत्तूने इंजिन बंद केलं आणि पहिला खांदा द्यायला दारात येऊन उभा राहिला. रडता रडता आप्पांच्या कारभारणीनं, काकूंनी, मान वर केली.

"इंजिन गप का हाय?"

"आजच्या दिवस, काकू."

"पाळी कुणाची हाय?"

मीच सांगितलं, "तानूबाईची." तानूबाई एकटी बाई, वीस गुंठे रान.

"मग जा, चालू कर. त्येंनी ऐकलं असतं व्हय रं?"

तिरडी नदीच्या वाटेला लागली तेव्हा पाट भरून वाहत होता. खांदा द्यायला दत्तू नव्हता. तो इंजिनापाशी होता.