सीतादही कोणी केलं

उमरखेडच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. बी.ए.च्या मुलांना जुन्या काळच्या अमेरिकेतल्या, कडक धर्माच्या गोऱ्या वस्त्यांवरच्या गोष्टी अभ्यासाला आहेत. त्यांत हमखास एक बाई असते. गाय आटली, पीक बुडालं, पोर दगावलं की सगळी वस्ती जमते, तिला मधोमध उभं करते आणि विचारते, बोल, काय पाप केलंस? रडली तर पापी, नाही रडली तर निगरगट्ट. हात थरथरला तर झालंच, पुरावा मिळाला. मी हे फार तावातावानं शिकवायची. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मंग ते बाई पळून काहून नाई गेली?" मी म्हटलं, "अगं, जाणार कुठं? चहूकडे जंगल." वर्ग हसला. मीही हसले.

संध्याकाळच्या एसटीनं मी फुलसावंगीच्या बाजूला आमच्या गावी परतते. घरी सासूबाई, नवरा, मी आणि माझी धाकटी जाऊ. माझा दीर कावीळ होऊन गेला, तेव्हापासून ती आपल्या लेकीला घेऊन आमच्यातच आहे. पोरगी पहिलीत, बोलायला तिखट. मला लेकरू नाही, त्यामुळे माझा सगळा जीव त्या पोट्टीत.

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू करायची तर आधी सीतादही करतात. शेताच्या कोपऱ्यात दगड मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, पहिल्या बोंडांचा कापूस वाहायचा आणि सीतामाईला दही-भाताचा निवद दाखवायचा. हे सवाष्णीनंच करायचं. विधवेनं नाही. का, ते कोणी विचारत नाही. ज्या सीतेला लोकांच्या तोंडाला भिऊन नवऱ्यानं वनात धाडलं, तिच्या पूजेला नवरा नसलेली बाई चालत नाही, म्हणजे बघा!

त्या वर्षी सासूबाई तापानं पडल्या होत्या आणि घरातली एकुलती सवाष्ण मी, ती परीक्षेच्या कामाला कॉलेजात. वेचायला आलेल्या बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून होत्या, पूजा झाल्याशिवाय बोंडाला हात लावायला तयार नव्हत्या. त्यांच्यातल्या सवाष्णी दुसऱ्याच्या शेतात निवद दाखवायला राजी होईनात. जावेनं मला फोन केला. मी वैतागले होते. म्हटलं, "अगं, तूच कर. काय होते? सीता काही तुझं कुंकू तपासायला येत नाही." तिनं केलं. त्यात चूक झाली असं मला आजही वाटत नाही.

पहिली वेचणी पांढरीशुभ्र निघाली. मग बोंडअळी आली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडका, पिवळा कापूस. आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. शेजारच्या शेतात तेच, पलीकडच्या शिवारात तेच. पण शिवारभर सीतादही सवाष्णींनीच केलेलं, विधवेच्या हातचं फक्त आमचं. एवढं पुरलं. आमच्या धुऱ्यावरून अळी गावभर गेली म्हणे.

आधी बायांनी आमच्या अंगणातून पाण्याला जाणं सोडलं. मग सासूबाई जावेच्या हातचं पाणी पिईनात. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं गप्प. त्या गप्पपणाची मला जी धास्ती बसली, ती शिव्यांची कधी बसली नसती. पोरगी विचारायची, "मोठी आई, आजी आईशी काहून बोलत नाई?" मी म्हणायची, "घसा बसला तिचा."

एक दिवस भाकरी थापता थापता जाऊ म्हणाली, "ताई, खरं सांगा, माह्याच हातानं आली का वो ही अळी?"

मी खेकसले, "वेडी झाली का?"

तिनं तवा उतरवला. मग हळूच सांगितलं. उमरखेडला एक माणूस आहे, शिलाई मशीन दुरुस्त करतो, बायको वारलेली. लग्नाचं विचारतो. पोरगीसकट नेतो म्हणतो. "नुसतं फोनवर बोलतो वो आमी. पण निवद दाखवला त्या सकाळी बी बोलली होती मी. त्याच तोंडानं."

  गावाच्या आधी तिनंच स्वतःला दोषी ठरवून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी फर्मान काढलं. सोमवारी महादेवाच्या देवळात तिनं पिंडीवरचा बेल उचलायचा आणि आपल्यात खोट नाही असं सांगायचं. "खोट असंल तर देव दाखवीन. मंग तुले माहेरी पोचवून देऊ. पोट्टी आमच्या वंशाची, इथंच राहीन." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आईच्या मनाची शांती होते, होऊ दे ना." भला माणूस! सगळ्यांच्या मनाची शांती बघणारा.

जाऊ खोटं बोलून बेल उचलणाऱ्यातली नव्हती. तिचं तोंडच सांगणार होतं. म्हणजे पोरगी गेली, हे आम्हां दोघींना ठाऊक होतं.

सोमवारी दुपारी देवळात अर्धं गाव. पुरुष ओट्यावर, बाया खाली. कुणी ओरडत नव्हतं. एका म्हातारीनं तर जावेला सावलीत बसायला जागासुद्धा करून दिली. मी हे सगळं पुस्तकात वाचलं होतं, वर्षानुवर्षं शिकवलं होतं, आणि तरी मी बायांच्या रांगेत जाऊन बसले. पुस्तकातली माणसं क्रूर वाटतात. ही तर माझ्या लग्नात अक्षता टाकलेली माणसं होती.

सासूबाई म्हणाल्या, "उचल."

जाऊ उठली. पोरगी तिच्या पदराला धरून. तिचा हात पिंडीकडे गेला आणि मधेच थांबला. बाया पुढं सरकल्या. मला राहवलं नाही. मी ताडकन उठले आणि ओरडले, "तिले कायले विचारता? पूजा कर म्हणून मी सांगितलं होतं! पाप असंल तर माझं. खोट काढायची तर माझ्यात काढा!"

वर्गात असं बोललं की मुलं खाली बघतात. मला वाटलं, इथंही बघतील.

सासूबाई शांतपणे माझ्याकडे वळल्या. "असं हाय का? मंग तू उचल."

सगळ्या माना माझ्याकडे फिरल्या, अगदी सावकाश, न ठरवता. कुणीतरी म्हणालं, म्हणून तर कूस उजवली नाही. कुणीतरी म्हणालं, रोज उमरखेडले जाते, कोण बघायला हाय. माझ्यात काही नव्हतं हो! लपवायला कणभर काही नव्हतं. पण मी बेलाला हात घातला आणि तो हात असा थरथरला की पान खाली पडलं. माझा देवावर विश्वास आहे की नाही हेही मला धड माहीत नाही, पण त्या क्षणी मी पडलेल्या पानाला भ्यायले.

"हात कापला," मघाची म्हातारी म्हणाली. बस, एवढंच.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल म्हणून. तोही माझ्या हाताकडेच बघत होता.

त्या गडबडीत एकच गोष्ट चांगली झाली. सगळे मला बघत होते, म्हणून जावेला कोणी बघत नव्हतं. तिनं पोरगीला कडेवर घेतलं, पायात चप्पल न घालता देवळाबाहेर पडली आणि थेट रस्त्यावर जाऊन उभी राहिली. उमरखेडची एसटी आली तेव्हा गाव अजून माझ्याच पापाचा शोध घेत होतं.

ती आता तिथंच असते. लग्न केलं. पोरगी शाळेतून सुटली की कधीमधी माझ्या कॉलेजच्या फाटकाशी येते, दप्तर माझ्या हातात देते आणि भजे मागते. माझा जीव तेवढ्यापुरता थंड होतो.

पुढच्या वर्षीही अळी आली. आमचं सीतादही सासूबाईंनी माझ्याऐवजी शेजारच्या सवाष्णीला विनवून करवलं होतं. त्यावर कोणी काही बोललं नाही.

आणि आमचं? आमचं ठीक आहे. नवरा मारत नाही, ओरडत नाही, प्रेमानं वागतो. फक्त संध्याकाळी एसटीला उशीर झाला की त्याचा फोन येतो. "कुठं पोचली?" मी सांगते. मग तो म्हणतो, "बरं, फोन जरा कंडक्टरले दे."

मी देते.