पाळकांची पुस्तिका आणि मायची साक्ष

मराठी टाइपरायटरवर 'पुनरुत्थान' हा शब्द मारायला किती त्रास होतो, ते मला विचारा. अर्धा त, मग थ, मग काना, आणि त्याआधीचा रु कायम आपल्या जागेवरून खाली घसरलेला. कागदावर एक वेळ चालून जातं, पण प्रती काढायच्या मेणकागदी स्टेन्सिलवर चुकलं की गुलाबी द्रव लावून फुंकर मारत बसायचं. आणि हा शब्द एकेका पानावर आठ-आठ, दहा-दहा वेळा यायचा.

ऐंशीनंतरची वर्षं होती. मी बी.ए. होऊन ब्रह्मपुरीच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये लागले होते. सकाळी मुलामुलींना बोटं कुठे ठेवायची ते शिकवायचं आणि दुपारी बाहेरचं काम करायचं. अर्ज, शपथपत्रं, लग्नपत्रिकेचा मजकूर, एखाद्या प्राध्यापकाचा कधीच पूर्ण न होणारा प्रबंध, असलं काय काय. एका दुपारी दारात पन्नाशीचे एक उंच गृहस्थ उभे राहिले. पांढराशुभ्र शर्ट, काखेत छत्री, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "भगिनी, हे कार्य आपण कृपया स्वीकाराल काय?"

मागच्या बाकावरच्या मुली तोंडात ओढणी कोंबून हसल्या. आमच्याकडे कुणी असं बोलत नाही. 'बाई, हे टाइप करून देता का' एवढं पुरतं. ते मूळचे केरळचे, ख्रिस्ती मंडळीचे पाळक. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे बाजारात भेंडी घेतानाही त्यांची भाषा धड्यातल्यासारखी यायची. महिन्यातले पंधरा दिवस ते एटापल्लीकडच्या गावांत फिरत आणि उरलेले पंधरा दिवस ब्रह्मपुरीत भाड्याच्या खोलीत राहत. पिशवीतून त्यांनी हाताने लिहिलेली चाळीस पानं काढली. येशू मेल्यावर तिसऱ्या दिवशी खरोखर उठला, हे इतिहासाच्या आधाराने पटवून देणारी पुस्तिका त्यांना काढायची होती.

मला वाटलं, आता देवदूत आणि चमत्कार येणार. निघालं भलतंच. सगळा मजकूर कोर्टातल्या कागदासारखा होता. कबर रिकामी होती, हे विरोधकांनीही नाकारलं नाही. ते फक्त म्हणाले की शिष्यांनी प्रेत पळवलं. आता प्रेत पळवलं असेल, तर पळवणाऱ्यांना ते खोटं आहे हे माहीत असणार. मग त्याच खोट्यासाठी त्यांनी छळ का सोसला? ख्रिस्ती लोकांना शोधून शोधून त्रास देणारा एक कडवा माणूस अचानक त्यांचाच प्रचारक का झाला? येशूच्या ज्या सख्ख्या भावाचा आधी विश्वास नव्हता, तो नंतर पुढारी कसा झाला? साक्षीदार कोण, पुरावा काय, उलटतपासणीत काय निघेल, असं सगळं ओळीने मांडलेलं. मी दोन पानं टाइप केली आणि बाकीची घरी नेली.

घरी नेली हीच चूक झाली. माझे बाबा निवृत्त मुख्याध्यापक. छपन्न साली धम्म घेतला तेव्हा ते तरुण होते, आणि तेव्हापासून त्यांनी एक गोष्ट धरून ठेवली होती. कुणी सांगितलं म्हणून, पुस्तकात लिहिलंय म्हणून किंवा थोरांनी मानलं म्हणून काही मानायचं नाही, स्वतः पारखायचं. बुद्धानेच तसं सांगितलंय, असं ते म्हणायचे. पाळकांची पानं त्यांच्या हाती लागली आणि निवृत्तीपासून पडून असलेला लाल पेन बाहेर आला. सकाळी बघते, तर प्रत्येक समासात 'कशावरून?' एका ठिकाणी तर 'हे वाक्य पुन्हा लिहा.'

मी घाबरले. गिऱ्हाइकाचा कागद खराब केला म्हणून नोकरी जाते की काय असं वाटलं. पाळकांनी पानं हातात घेतली, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या चार-पाच पानं वाचली. मग विचारलं, "हे कोणी लिहिले?" मी सांगितलं, माझ्या वडिलांनी. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला कळेना. इतकी वर्षं ते लोकांना हे पुरावे सांगत होते आणि 'कशावरून' असं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. "मी त्यांस भेटू शकेन काय?" ते म्हणाले.

तेव्हापासून, पाळक ब्रह्मपुरीत असतील तेव्हा, रविवारच्या दुपारी आमच्या ओसरीवर दोन खुर्च्या समोरासमोर पडू लागल्या. सकाळी पाळकांची उपासना आटोपलेली असे, आमची विहारातली वंदना आटोपलेली असे. चहा यायचा आणि सुरू.

बाबा म्हणायचे, खोट्यासाठी कोणी मरत नाही हे खरं, पण चुकीच्या समजुतीसाठी लोक रोज मरतात. पाळक म्हणायचे, समजूत ऐकीव असेल तर तसं होईल, पण हे म्हणत होते की आम्ही डोळ्यांनी पाहिलं. बाबा म्हणायचे, दुःखात माणसाला मेलेलं माणूस दिसतं. त्यांची आई गेल्यावर महिनाभर त्यांना ती चुलीपाशी बसलेली दिसायची. पाळक मान हलवून म्हणायचे, एकट्याला दिसेल, पण पाचशे जणांना एकाच वेळी? बाबा म्हणायचे, पाचशे जणांनी लिहून ठेवलं नाही, एकाने लिहिलं की पाचशेंनी पाहिलं. हा एकच साक्षीदार झाला. इथे पाळक हसून वहीत काहीतरी टिपून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी उत्तर घेऊन यायचे. कधीकधी उत्तर नसायचं, तेव्हा तसं सांगायचे. बाबांना हे फार आवडायचं.

एका रविवारी पाळक एटापल्लीकडून नुकतेच परतले होते. त्यांनी तिथली हकीकत सांगितली. जंगलातल्या एका गावात त्यांनी हे सगळे पुरावे ओळीने मांडले. दुभाष्याने गोंडीत सांगितलं. गावातल्या एका म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, परत आल्यावर तो जेवला का? पाळक म्हणाले, हो, भाजलेला मासा खाल्ला असं लिहिलेलं आहे. म्हातारा म्हणाला, मग आला असेल. आमचे मेलेले पण घरात येतात, आम्ही त्यांना जागा देतो, पण मासा भाजून मागत नाहीत. मग बराच वेळ गावात चर्चा चालली ती मासा कोणता असेल याची. पाळक सांगताना स्वतःच हसत होते. "गुरुजी, माझे पुरावे तिथे कोणास लागलेच नाहीत," ते म्हणाले. "संशय घेणारे मला केवळ आपल्या ओसरीवर लाभतात."

माझी माय या सगळ्यात नसायची. ती ओसरीच्या टोकाला सुपात लाखोळीची डाळ पाखडत बसायची आणि चहाचे कप उचलायची. तिला अक्षरं बाबांनी लग्नानंतर शिकवली होती, सही करता यायची. चर्चेत ती कधी बोलली नव्हती, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्या दिवशी पाळक बायकांच्या मुद्द्यावर आले. रिकामी कबर सर्वांत आधी बायकांनी पाहिली. त्या काळी तिथे बाईच्या साक्षीला किंमत नव्हती. कोणी ही गोष्ट रचली असती, तर पहिला साक्षीदार म्हणून एखादा प्रतिष्ठित पुरुष उभा केला असता. ज्या अर्थी बायका आहेत, त्या अर्थी जे घडलं तेच लिहिलं.

बाबा याची वाटच बघत होते. पाळकांनीच एक यादी दाखवली होती, साक्षीदारांची सर्वांत जुनी यादी. बाबांनी ती पाठ केली होती. "पाद्रीसाहेब," ते म्हणाले, "तुमच्या त्या जुन्या यादीत बायांचं नावच नाई. मग बायांची गोष्ट मागून जोडली असन."

पाळक म्हणाले, ज्या समाजात बाईची साक्ष धरत नाहीत, तिथे यादी करणाऱ्याने त्यांची नावं गाळली असतील.

सुपाचा आवाज थांबला. माय म्हणाली, "पाद्रीभाऊ, त्या बायांचं पैले कोनी खरं मानलं का?"

"नाही बाई. पुरुषांना ती बडबड वाटली."

"मंग?"

"मग एक-दोन पुरुष धावत पाहण्यास गेले. कबर रिकामीच होती."

"आन् यादीत नाव मानसायचंच," माय म्हणाली. "गाळतेतच, भाऊ. यायनं नाई का माहं गाळलं."

यायनं म्हणजे बाबांनी. बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. पाळकांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

मग तिने सांगितलं. दहा-बारा वर्षांपूर्वी बाबा आरमोरीकडच्या एका खेड्यात मुख्याध्यापक होते. शेजारी एक शेतकरी राहायचा. एका सकाळी माय मोहफुलं वेचून परतत होती, तेव्हा त्याची बैलबंडी शेताकडून येताना तिला दिसली. बंडीत तणसाशिवाय, म्हणजे भाताच्या पेंढ्याशिवाय, काही नव्हतं. सागाची लाकडं नाल्याच्या काठाला पडलेली होती, ती आदल्या दिवसापासून तिथेच होती. पुढे वळणावर जंगलखात्याच्या माणसांनी बंडी अडवली आणि दुपारी शाळेच्या पडवीत पंचनामा केला. बंडीत चोरीचं लाकूड सापडलं, असा. पंच म्हणून शेतकऱ्याच्या चुलतभावाने अंगठा दिला, जो त्या सकाळी गावातच नव्हता. दुसरे पंच आमचे बाबा. गुरुजींची सही असली की कागदाला वजन येतं.

"मी यायले तवाच सांगतलं होतं का बंडी रिकामी होती," माय म्हणाली. "त म्हनले, तुले काय समजते, कायद्याचं काम होये."

शेतकरी आठ दिवस कोठडीत राहिला. खटला पुढे दोन वर्षं रखडून निकालात निघाला आणि तो सुटला. बंडी मात्र जंगलखात्याच्या डेपोच्या आवारात पावसात कुजली.

त्या दिवशी पाळकांनी वहीसुद्धा उघडली नाही. थोड्या वेळाने माय उठली आणि कप घेऊन आत गेली. मला तेव्हा बाबांची दया आली की राग, ते अजून नक्की सांगता येत नाही. उभ्या हयातीत त्यांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला नव्हता. ठेवला तो एकदा, आणि समोर डोळ्यांनी पाहणारी उभी असताना.

तीन दिवसांनी ते इन्स्टिट्यूटमध्ये आले. तिथे ते कधी येत नसत. माझ्या टेबलासमोर विद्यार्थ्यासारखे बसले आणि म्हणाले, कागद लाव. मी लावला. त्यांनी एकेक वाक्य सांगितलं. त्या दिवशी मी स्वतः काहीही पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून सही केली. माझ्या पत्नीने बंडी रिकामी पाहिली होती आणि तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. मधेच ते थांबले आणि म्हणाले, तिची गोष्ट वर घे, माझी खाली.

रविवारी पाळक यायच्या वेळी घराला कुलूप होतं. आम्ही तिघं आरमोरीच्या बसमध्ये होतो. पुढे जीपने गावात गेलो. शेतकरी आता म्हातारा झाला होता, अंगणात दोरी वळत बसला होता. बाबांनी उभ्यानेच कागद वाचून दाखवला. आवाज शाळेत परिपाठ वाचतानाचाच होता. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"मले तवाच मालूम होतं, गुरुजी," तो म्हणाला. "कोठडीत नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी येऊन सांगून गेल्ती. का म्या पायलं, बंडी रिकामी होती म्हनून. बायकोनं मले तिथं येऊन सांगतलं. तेवढ्यावर मी आठ दिवस काढले."

बाबा खाली बसले. तेव्हा कुठे म्हाताऱ्याने दोरी बाजूला ठेवली आणि सुनेला भात टाकायला सांगितलं. जेवायच्या आधी मायने त्या कागदावर सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडत. तिच्याखाली बाबांनी केली. म्हाताऱ्याने तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत घातला. परत येताना बसमध्ये माय खिडकीशी बसली आणि सबंध रस्ता कोणाचा धान कसा आलाय ते सांगत राहिली. बाबा प्रत्येक शेताकडे बघत हो म्हणत होते.

पुस्तिका उन्हाळ्याच्या आत सायक्लोस्टाईल होऊन निघाली. पाळकांनी शेवटी एक प्रकरण वाढवलं, 'एका मित्राच्या शंका', आणि त्यात बाबांचे सगळे आक्षेप प्रामाणिकपणे दिले. उत्तर नव्हतं तिथे नाही असंच लिहिलं. बाबांनी स्टेन्सिलं स्वतः तपासली. एका जागी माझ्याकडून 'रिकामी कबर'ची 'रिकामी खबर' झाली होती, ती बाबांच्या आणि पाळकांच्याही नजरेतून सुटली आणि तशीच छापली गेली.

बाबांना पटलं का, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, नाही. पण खोडताही आलं नाही, सध्या तिथवर आलोय. मायला विचारलं तर ती म्हणाली, "त्या बायाइचं मले पटते. बाकीचं तुमी शिकलेले पाहा." ती आधीसारखीच विहारात जात राहिली. फक्त ओसरीवर आता तिसरी खुर्ची असायची, आणि बाबा एखादं विधान करून झाल्यावर अधूनमधून तिच्याकडे बघायचे.

पुढच्या वर्षी पाळकांची बदली सिरोंचाकडे झाली. तिथे तेलुगू लागते, ती त्यांनी पुन्हा पुस्तकातूनच शिकायला घेतली होती. निघताना मायने त्यांना लाखोळीच्या डाळीची पिशवी दिली. त्यांनी ती छत्रीच्या दांड्याला अडकवली आणि "भगिनी, आपला आभारी आहे," असं या वेळी मला नाही, तिला म्हणाले. दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं, त्यात बाबांच्या एका जुन्या शंकेवर दीड पान उत्तर. बाबांनी चार पानी प्रत्युत्तर काढलं. ते मलाच टाइप करावं लागलं, आणि ते पोस्टात पडल्यावर आठ दिवसांच्या आत बाबा पोस्टमनला दोनदा रस्त्यात अडवून आले.